न लिहिलेला दिवस

“घाम वाळायच्या आत मजुरी हातावर ठेवावी. आणि कुणाचा दिवस बुडवू नकोस गं. बुडालेला दिवस दारात येऊन बसतो, हाकलला तरी जात नाही.”

सासूबाई हे सांगायच्या तेव्हा त्यांचे हात लोकरीच्या तेलानं चकाकत असायचे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण कातरणीचा हंगाम आला की त्यांचा आवाज मेंढवाड्याच्या भिंतीतूनच आल्यासारखा वाटायचा. आजही तो आला, तेव्हा सून एका मेंढीला ढुंगणावर बसवून, तिची पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवून पोटाची लोकर काढत होती. डावा हात मेंढीच्या हनुवटीखाली, उजव्या हातात कातर. कातर कातडीला समांतर धरायची, टोक कधी आत वळू द्यायचं नाही. हे सगळं तिला नवऱ्यानं शिकवलं होतं, तेही अंथरुणावर पडल्या पडल्या.

“कोपर खाली,” भिंतीच्या सावलीतून नवऱ्याचा आवाज आला.

“खालीच आहे.”

“मेंढी सांगतेय वर आहे म्हणून. बघ कशी डोळे फिरवते.”

“मेंढीचं ऐकता, बायकोचं नाही.”

“मेंढी खोटं बोलत नाही.”

“मी बोलते?”

“दिवा लागायच्या आधी बोलतेस थोडं थोडं,” तो म्हणाला, आणि दोघंही हसली.

त्याला सगळे कातऱ्या म्हणायचे. नाव होतं, पण ते कागदावर. त्याच्या हाताखालून मेंढी निघाली की लोकर अख्खी उतरायची, अंगरखा काढून ठेवावा तशी. दुरून दुरून कळपवाले त्याच्यासाठी थांबायचे. मग एका हंगामात एका दांडग्या मेंढ्यानं अंग झटकलं आणि कातऱ्याच्या पाठीत काहीतरी मोडलं. मोडल्याचा आवाज त्याला एकट्यालाच ऐकू आला. तेव्हापासून तो थोडा वेळ उभा राहू शकत होता, थोडा वेळ बसू शकत होता, वाकू मात्र शकत नव्हता. कधी कधी कमरेखालचं अंग आपलं नसल्यासारखं व्हायचं. आता कुशीवर पडून तो कातरी परजायचा. दगडावरून पातं फिरल्याचा आवाज आला की आज त्याला जरा सोसतंय, असं ती धरून चालायची.

काम करता करता अंग गेलेल्यांना भत्ता मिळतो. तो त्यालाही मिळायला हवा होता, पण कचेरीनं नाकारला, आणि त्याला कारण त्याची जीभ. कचेरीच्या डॉक्टरनं उभ्या उभ्या विचारलं, “कसं आहे?” आणि हा म्हणाला, “बरं आहे.” त्या घरात दुसरं उत्तर कुणाला येतच नव्हतं. कुणी कसं आहे विचारलं की आधी बरं आहे म्हणायचं. विचारणारा टेकला, पाणी प्यायला, तर मग हळूहळू खरं निघायचं. डॉक्टर टेकलाच नाही. त्यानं लिहिलं, रुग्ण स्वतः बरं असल्याचं सांगतो.

मग कोर्ट. तिथली वकीलबाई मात्र टेकली होती. त्यांच्या दारात, लोकरीच्या पोत्यावर.

निकाल लागून थोडेच दिवस झाले होते. भत्ता मंजूर झाला होता, आणि नाकारल्यापासूनची सगळी बाकीही. ती बाकी हातात आली की विकलेल्या मेंढ्यांतल्या काही तरी परत आणायच्या, असं ती मनात धरून बसली होती. आपली कातर लोकांच्या मेंढ्यांवर चालवायची आणि आपला मेंढवाडा रिकामा, हे तिला फार लागायचं. बोलून दाखवायची नाही एवढंच.

दुपारी धाकटा दीर आला. तो लोकरीची पोती टेम्पोतून शहरात पोचवायचा, आणि येताना टपाल घेऊन यायचा.

“वहिनी, चहा टाका. दादा, कोर्टाचा कागद आलाय. तोंड पाडू नका, चांगला आहे.”

“तुला चांगला वाटला म्हणजे वाईटच असणार,” कातऱ्या म्हणाला.

दीर पोत्यावर बसला आणि पाकीट उलगडलं. “वकीलबाईंनी फी मागितलीय. ठरलं होतं तेवढीच, मागच्या बाकीतला चौथा हिस्सा.”

“मग द्यायची. त्यात कागद कसला?”

“अरे, अशी देता येत नाही. जज्जसाहेबांनी हो म्हणावं लागतं. ते म्हणतात, किती काम केलं ते दाखवा. बाईंनी यादी दिलीय. आता गंमत ऐक. यादी आखूड आहे. सरकारी वकिलानं लिहिलंय, एवढ्याशा कामाला एवढी फी म्हणजे घबाडच. तेव्हा कापावी.” त्यानं बोटानं ओळ दाखवली, जणू दोघांना तिथून वाचता येणार होती. “बहुतेक निम्म्यावर येईल. आणि कापलेलं कुणाकडे येणार? आपल्याकडे!”

तिच्या हातातली मेंढी सुटून उठली. अर्धी कातरलेली, एका अंगाला पांढरी आणि दुसऱ्या अंगाला मळकी. मेंढी तिच्याकडे बघतच राहिली.

“आपण काय करायचं?” तिनं विचारलं.

“काही नाही! तीच तर मजा आहे. अशिलाला काही म्हणायचं असेल तर गुरुवारी हजर राहून म्हणावं, असं लिहिलंय. आपल्याला काही म्हणायचं नाही. तोंडाला कुलूप. वहिनी, मेंढ्या बघून ठेवा.”

“यादी वाच,” कातऱ्या म्हणाला.

दीरानं वाचली. दावा तयार केला. डॉक्टरचे कागद मागवले, वाचले. साहेबांपुढं बाजू मांडली. कातऱ्या डोळे मिटून ऐकत होता.

“आपल्याकडे आली होती तो दिवस?”

“तो नाही.”

“नीट बघ.”

“दादा, मला वाचता येतं.”

“चुकून राहिला असेल,” ती पटकन म्हणाली.

कातऱ्यानं हातातलं पातं दगडावर आडवं ठेवलं. तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, “दिवा लागू दे. मग विचारतो.”

संध्याकाळी देवापुढं दिवा लावायचा आणि त्यानंतर झोपेपर्यंत खोटं बोलायचं नाही, हा तिचा माहेरपासूनचा नेम. दिवसा ती काही फार खोटं बोलायची असं नाही. पण दिवसा एखादी गोष्ट झाकून ठेवता येते, थोडी वळवून सांगता येते. दिव्यानंतर नाही. कातऱ्याला लग्न झाल्यावर पंधरवड्यातच हे कळलं होतं. तेव्हापासून महत्त्वाचं असलं की तो दिव्याची वाट बघायचा.

अर्धी मेंढी पुरी करायला ती वाकली, पण डोळ्यांपुढं तोच दिवस.

वकीलबाई त्या दिवशी भल्या सकाळी आली होती. तरुण पोरगी, शहरातली पायताणं, चष्मा. म्हणाली, “काका, साहेबांना मी काय सांगू? मेंढी कातरतात म्हणजे काय करतात हेच मला माहीत नाही. मला दाखवा.” मग हिनं दाखवलं आणि वकीलबाईनं मेंढीचे पाय धरले. पहिल्याच मेंढीनं बाईचा चष्मा उडवला, त्याची एक काडी मोडली. बाई चिखलात बसून हसत सुटली. दुसरी धरली, तिसरी धरली. किती वजन येतं, कुठं येतं, मेंढी उसळली की कुणाच्या पाठीवर येतं, सगळं विचारलं. दुपार अशीच गेली.

आणि कातऱ्याला राहवलं नाही. बायको चुकीची धरत होती की काय, की इतक्या दिवसांनी मेंढवाड्यात हसू ऐकलं म्हणून, कोण जाणे. तो भिंतीला धरून उठला. “असं नाही, असं,” म्हणत मेंढीवर वाकला. कातरीनं एक वीतभर लोकर सुरेख उलटली, आणि तो खाली गेला. कमरेखालचं अंग गेलं. ओरडला नाही. चिखलात पडल्या पडल्या त्याचे कपडे भिजले. नुसते पाण्यानं भिजले नव्हते. वास आला तेव्हा त्यानं तोंड जमिनीत घातलं.

वकीलबाईनं काही विचारलं नाही. आपल्या अंगावरची शाल काढून त्याच्यावर टाकली आणि पाठमोरी उभी राहिली. बायको कोरडे कपडे आणेपर्यंत, त्याला पुसून, बदलून होईपर्यंत, पाठमोरीच. तेवढा वेळ मोठ्यानं बडबडत होती, ही लोकर कोणती, ती कोणती, भाव कोण ठरवतं. उत्तर कुणी देत नव्हतं, तरी बोलत होती. मग दोघींनी मिळून त्याला अंथरुणावर आणलं. त्यानं भिंतीकडे तोंड केलं होतं.

“काका,” बाई जवळ बसून म्हणाली, “हे कागदावर येणार नाही. शब्द देते.”

भिंतीकडून उत्तर आलं. “तुझा दिवस गेला पोरी आज. बुडू द्यायचा नाही मी.”

शाल तिनं धुऊन, वाळवून, दीराच्या हाती परत पाठवली होती.

संध्याकाळी दिवा लागला. वात स्थिर झाली. कातऱ्यानं विचारलं, “चुकून राहिला असेल?”

“नाही,” ती म्हणाली.

“मग?”

“मला ठाऊक नाही. उद्या जाऊन विचारते.”

वकीलबाईची खोली सायकलवाल्याच्या दुकानावर होती. जिना चढून ती वर गेली तर खोलीत शिंपी मशीन चालवत बसलेला.

“वकीलबाई?”

“त्या तिथं,” शिंप्यानं कात्रीनंच जिन्याच्या वरच्या पायरीकडे दाखवलं. “आतली खोली मी घेतलीय आता.”

जिन्याच्या तोंडाशी, रुंद कठड्याला लागून एक टेबल आणि दोन खुर्च्या होत्या. मघाशी त्याच टेबलाला वळसा घालून ती आत गेली होती. तिला वाटलं होतं, हे शिंप्याच्या गिऱ्हाइकांसाठी असेल. वकीलबाई खालून चहा घेऊन वर येत होती.

“काकू! एकट्याच? बसा. त्या खुर्चीवर नको, हिच्यावर बसा, तिचा पाय हलतो.”

चष्म्याची काडी अजून दोऱ्यानं बांधलेली होती. तिनं ओळखलं. लोकरीचाच दोरा, तिनंच त्या दिवशी बांधून दिलेला.

पिशवीतून तिनं एक घडी काढून टेबलावर ठेवली. कोकराच्या पहिल्या लोकरीची ओढायची चादर, तिनं स्वतः विणलेली. वकीलबाईनं हात फिरवला, गालाला लावली, आणि परत तिच्यापुढं सरकवली.

“घेता येत नाही, काकू. कोर्ट देईल त्याशिवाय मला तुमच्याकडून काही घेता येत नाही. सनद जाईल माझी.”

“ऊब घेतल्यानं सनद जाते?”

“जाते. कायद्याला थंडी वाजत नाही ना.”

शिंपी आत हसला. मशीन क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. तिनं आवाज खाली आणला.

“बाई, तो दिवस कुठं गेला?”

वकीलबाईनं चहाचा पेला फिरवला. “मी काकांना शब्द दिला होता.”

“नुसतं ‘घरी गेले होते’ एवढं लिहायचं.”

“एक ओळ लिहिली की मागोमाग तपशील येतो. कशाला गेलात, काय पाहिलंत, एवढा वेळ का लागला. मला खोटं लिहायचं नाही. खरं लिहिलं तर तिथं मोठ्यानं वाचतात. कारकून असतात, बाकावर बसलेले असतात. काका त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडले होते ना, ते मला दिसतं अजून.”

“निकालाच्या वेळी कसं केलंत?”

“मेंढी कशी धरतात तेवढंच सांगितलं. खुर्चीला धरून दाखवलं.” ती हसली. “साहेबही हसले. पण त्यांना कळलं. खुर्ची चांगली जड होती.”

“आणि फी कापली तर?”

“कापली तर कापली.” तिनं शिंप्याच्या दाराकडे बघितलं नाही, पण बघायचं टाळलं हे दिसलं. “काकू, तुम्ही गप्प राहिलात तर मी मनात काही धरणार नाही. खरंच सांगते. तो पैसा तुमच्या पाठीचा आहे, माझ्या नाही.”

“आणि हे आले आणि त्यांनी सांगितलं तर?”

“तर साहेब तो दिवस धरतील बहुतेक.” ती थांबली. “पण काकांनी यावं असं मी म्हणणार नाही. भत्ता मिळाला तो मिळाला, तरी कचेरी अधूनमधून तपासत राहते. कोर्टात उभे दिसले, तर कोण काय लिहील कुणी सांगावं?”

रागावली असती, काही मागितलं असतं, तर बरं झालं असतं, असं जिना उतरताना तिला वाटलं. न मागणाऱ्या माणसापुढं हात कुठं ठेवायचे ते कळत नाही. खाली सायकलवाल्यानं आपणहून विचारलं, “झालं का काम, मावशी?” आणि तिच्या तोंडून आपोआप निघालं, “झालं, बरं आहे.”

परतीच्या गाडीत तिला खिडकी मिळाली. शहर सुटलं, तळं लागलं. तळ्यावर एक कळप पाण्याला उतरला होता, आणि त्यात फाटक्या कानाची मेंढी होती. तिची. कोकरू असताना कुंपणात अडकून कान फाटला होता, तिनंच राख लावून बरा केला होता. कळपवाला भला माणूस. विकताना म्हणाला होता, जेव्हा हात मोकळा होईल तेव्हा घेऊन जा. मेंढीनं मान वर केली, गाडीकडे बघितलं, पुन्हा पाण्याला तोंड लावलं.

देवा, मी काही खोटं बोलत नाही, तिनं मनात म्हटलं. नुसतं सांगत नाही. न सांगणं म्हणजे खोटं का?

गाडी खड्ड्यातून गेली आणि तिच्या मांडीवरची चादर घसरली, ती तिनं उचलून घेतली.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. कातऱ्या अंथरुणावर उताणा पडून छताकडे बघत होता. तिनं हातपाय धुतले. चूल पेटवली. मेंढवाड्यात जाऊन पाणी बघून आली. परत आली, भांडी लावली. लावलेली पुन्हा लावली.

“दिवा नाही लावत?”

“लावते. वात करायचीय.”

“हं.”

तिनं वात वळली. ती बारीक झाली म्हणून दुसरी वळली. घरात चुलीचा तेवढा उजेड. बाहेर कुत्रा एकदा भुंकला आणि गप्प झाला.

“घाई नाही,” कातऱ्या म्हणाला. “उद्या लावलास तरी चालेल.”

तो हसत नव्हता. तिला कळलं, यानं ओळखलंय. आणि तरी तो तिला वाट मोकळी करून देत होता, अंधारातून निघून जायची. इतकी वर्षं तिचा नेम कधी चुकला नव्हता. बाळंतपणात नाही, सासूबाई गेल्या त्या दिवशी नाही.

तिनं दिवा लावला. हात जोडले. मग त्याच्या उशाशी येऊन बसली.

त्यानं काही विचारलं नाही. “वाढ,” एवढंच म्हणाला. “भूक लागलीय.”

तिनं वाढलं. कुशीवर वळायला आधार दिला, पाठीशी लोकरीची वळकटी लावली. तो जेवायला लागला. तिच्या तोंडात घास फिरत राहिला.

“तुम्हाला दिलेला शब्द पाळला तिनं,” ती म्हणाली. “म्हणून तो दिवस लिहिला नाही. लिहिलं तर सगळं सांगावं लागतं, लोकांपुढं. तिनं आतली खोली शिंप्याला दिलीय. जिन्यात टेबल टाकून बसते. आपण गप्प बसलो तर रागावणार नाही म्हणाली. आणि तुम्ही गेलात, तर भत्त्याला धोका आहे म्हणाली. झालं, सगळं सांगितलं.”

कातऱ्या पाणी प्यायला. भांडं खाली ठेवलं.

“फाटक्या कानाची दिसली,” ती म्हणाली. तेही राहायला नको. “तळ्यावर.”

“कशी आहे?”

“बरी आहे.”

“लोकर?”

“मळलीय. कातरायला झालीय.”

त्यानं ताटातला शेवटचा घास संपवला. मग दिव्याकडे बघत म्हणाला, “कपडे घाण झाले होते माझे.”

त्या दिवसानंतर पहिल्यांदाच हे शब्द त्या घरात उच्चारले गेले.

“पोरीनं शाल टाकली. नवी शाल होती. मी वास घेतला, तर साबणाचा वास होता. मला वाटलं, आता ही नाक मुरडेल. तर ती लोकरीचे भाव विचारत बसली.” तो थोडा हसला. “चुकीचे भाव सांगत होती, तेही आपले आपणच.”

“हो.”

“आई असती तर काय म्हणाली असती?”

“तुम्हाला माहितेय.”

“दिव्यापुढं सांग.”

“दिवस बुडवू नकोस म्हणाल्या असत्या.”

त्यानं मान हलवली. ताट सरकवलं. तिनं ते उचललं, आणि चुलीशी पाठ करून डोळे पुसले. मेंढ्यांसाठी की कशासाठी, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

गुरुवारी उजाडता उजाडता दीर पोती भरायला आला, तर दादा दारात भिंतीला धरून उभा. धुतलेला सदरा, केस पाण्यानं बसवलेले.

“हे काय?”

“मला टाक पोत्यांवर. मऊ बघून.”

दीरानं डोक्याला हात लावला. “वहिनी, सांगा यांना! अरे दादा, जिंकलास ना तू? जिंकलेला माणूस पुन्हा कोर्टात जातो का? तुला पायावर उभा बघून तोच सरकारी वकील म्हणेल, बघा, धडधाकट आहे!”

“म्हणू दे. मी सांगेन किती धडधाकट आहे ते.”

“काय सांगशील?”

कातऱ्यानं दाराकडे मान वळवली. बायकोला म्हणाला, “पिशवीत कपड्यांची एक जोड जास्त घाल.”

दीरानं पिशवीकडे बघितलं, भावाकडे बघितलं. वाद घालायला उघडलेलं तोंड मिटलं. थोड्या वेळानं टेम्पोवर चढला आणि पोती हलवू लागला. कडेची दोन मधे घेतली, मधली एक बाजूला केली, कोकराच्या लोकरीचं पोतं उशाला आणलं. बोलत मात्र राहिला. “राजाची स्वारी निघालीय. एवढी मऊ गादी नवरदेवालाही मिळत नाही. जज्जसाहेबांना वाटेल, लोकर विकायला आलाय.”

दोघांनी मिळून त्याला वर घेतलं. चढताना त्याचा चेहरा पांढरा पडला, ओठ दाताखाली गेला. आडवा झाल्यावर बऱ्याच वेळानं श्वास सुटला.

“मी येते,” ती म्हणाली.

“आणि मेंढ्या? मालक सकाळी येणार आहे ना कळप घेऊन? त्याला काय सांगशील?” त्यानं तिचा हात धरला. तेलानं मऊ झालेला, पात्याच्या जुन्या खुणांचा हात. “तुझा दिवस बुडवू नकोस. कोपर खाली ठेव.”

“खालीच असतं.”

“असतं,” तो म्हणाला. सूर्य अजून वर आला नव्हता. दारातून देवापुढच्या दिव्याची विझलेली वात दिसत होती, पण या खेपेला तिचं खरं धरायला त्यानं दिव्याची वाट बघितली नव्हती.

तिनं चादरीची घडी आणून त्याच्या पायांवर पसरली. बाईंना नाही चालली, यांना तरी चालेल.

टेम्पो सुरू होत होता तेवढ्यात दूधवाला सायकल रेटत आला. पोत्यांवर आडवा कातऱ्या बघून थांबला, मान वर करून ओरडला, “काय कातऱ्या! कुठं निघाली स्वारी? बरं आहे ना?”

“बर...” कातऱ्या म्हणाला, आणि थांबला. ती खालून बघत होती. त्यानं कोपरावर थोडं उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तसाच आकाशाकडे बघत मोठ्यानं बोलला. “नाही रे. फार दुखतंय. कमरेखाली कधी कधी काहीच कळत नाही. कपडे खराब होतात.”

दूधवाल्यानं सायकल भिंतीला टेकवली आणि दाराच्या पायरीवर हळूच टेकला, जणू विचारपूस करायची तर बसून करावी, हे त्याला एकदम आठवलं होतं.

“परत आल्यावर सांगतो बाकीचं,” वरून आवाज आला. “आत्ता कोर्टात सांगायचंय.”

दीरानं नेहमीसारखा हॉर्न वाजवला नाही. खड्डा दिसला की थांबून, वळसा घेऊन, तो टेम्पो नेत होता. इतका हळू, की कुत्रा आधी मागून धावला, मग बरोबरीनं चालू लागला, आणि वळणावर पोचेपर्यंत पुढे जाऊन वाट दाखवल्यासारखा चालत राहिला.